रद्दीच्या काट्यावर आमचं गाव

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलं तर सांभाळून घ्या, निवृत्त मास्तर आहे, मोबाईलवर एका बोटाने टाईप करतो आणि एकदा सुरू झालो की थांबत नाही असं घरचे म्हणतात. विषय तसा साधा आहे, घरातल्या जुन्या कागदांचा.

दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीत भंगारवाला येतो, तीनचाकी गाडी, त्यावर भोंगा, रद्दी लोखंड प्लास्टिक अशी रेकॉर्ड लावलेली. शेजारच्या घरी साफसफाई चालली होती आणि त्यांच्या नातवाने आजोबांची लोखंडी पेटी अंगणात आणून उलटी केली. आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले. धरणात गेलेल्या आमच्या जुन्या गावात या घरचा शब्द चालायचा, पण नाव सांगत नाही, उगाच त्यांना वाईट वाटायचं. कागद पोत्यात भरले, पोतं काट्याच्या हुकाला लटकवलं, एकोणीस किलो भरलं. भाव चौदा रुपये. मी चहा पीत ओट्यावर बसलो होतो, सहज उठून पोत्यात हात घातला तर वर आलं कापसाच्या चुकाऱ्याचं, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशाचं चिठोरं, त्याच्याखाली पिवळी पडलेली भूसंपादनाची कलम ४ ची नोटीस, आणि त्याच्याखाली मोडी लिपीत लिहिलेला लांबच लांब कागद, घडीवर फाटलेला. मी पोराला म्हटलं, अरे हे काय विकून राहिला? तर म्हणे, "जाऊ द्या ना मास्तर, आजोबाचे कागद हायत, कोणाले वाचता येते थे?" हिशेब दोनशे सहासष्टचा झाला, मी दोनशे सत्तर काढून दिले आणि पोतं घरी आणलं. भंगारवाला हसून म्हणाला, मास्तर तुम्ही बी आता या धंद्यात का. बायको काय म्हणाली ते पेपरात छापण्यासारखं नाही.

आता योगायोग बघा. त्याच आठवड्यात माझ्या भाच्याचा फोन आला. तो वेल्समध्ये अबरिस्टविथ नावाच्या गावी शिकतो, इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्राला लागून जो डोंगराळ भाग आहे तो वेल्स, तिथले लोक त्याला आपल्या भाषेत कम्री म्हणतात. पोरगा गवताच्या जातींवर पीएचडी करतोय, तिथे १९१९ पासून गवतावर संशोधन चालतं म्हणे. आमच्या इथे निंदणाला बाया मिळेनात आणि हा गवतावर डॉक्टर होणार, असो. तर त्या गावात टेकडीवर वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे, आणि नुसती पुस्तकं नाहीत, लोकांच्या घरचे कागद, पत्रं, डायऱ्या, मृत्युपत्रं, जमीनदारांची दप्तरं, फोटो, कोर्टाची कागदपत्रं, सगळं तिथे ठेवतात. भाचा एक दिवस तिथल्या वाचनखोलीत जाऊन आला. कार्ड फुकट बनतं. बॅग बाहेर कपाटात ठेवायची, पेन आत न्यायचा नाही, फक्त पेन्सिल, हात स्वच्छ धुवून कोरडे करायचे. चिठ्ठी भरली की खोक्यातून कागद येतो, खाली मऊ गादीसारखा आधार ठेवतात म्हणजे जुन्या वहीचा कणा तुटत नाही, आणि पान मिटू नये म्हणून कापडात भरलेली साखळीसारखी वजनं वरून अलगद ठेवतात. आत फोनवर बोलायची मनाई, म्हणून त्याने बाहेर येऊन मला फोन केला आणि म्हणाला, "मामा, मी एका शेतकऱ्याची डायरी पाहून आलो, दुसरं काई नाई त्यात, पाऊस किती पडला, मेंढी कधी व्याली, बाजारात भाव काय लागला, आपल्या आजोबाच्या वहीसारखी. अन् थे मले असं आणून देलं का जसं सोन्याचं हाय."

त्या रात्री मला झोप नाही आली, खरं सांगतो.

मग मी त्या ग्रंथालयाबद्दल वाचायला लागलो, भाच्याकडून विचारून घेतलं, काही मोबाईलवर बघितलं. पहिली गोष्ट म्हणजे हे काही फार मोठ्या देशाचं काम नाही. वेल्सची सगळी लोकसंख्या ३१ लाख, २०२१ च्या जनगणनेत. आपला एकटा यवतमाळ जिल्हा २०११ ला २७ लाख ७२ हजारांचा होता. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यापेक्षा थोडासा मोठा देश, आणि त्यातले वेल्श बोलणारे फक्त ५ लाख ३८ हजार. अबरिस्टविथ तर आपल्या तालुक्याच्या ठिकाणापेक्षा लहान. हे ग्रंथालय कुठे व्हावं यावरून तिथेही नागपूर-अमरावतीसारखी ओढाताण झाली होती, कार्डिफ मोठं शहर, त्यांनाच पाहिजे होतं. पण सर जॉन विल्यम्स म्हणून राजघराण्याचे डॉक्टर होते, त्यांनी आयुष्यभर जुन्या पोथ्या जमवल्या होत्या आणि ते अडून बसले की माझा संग्रह अबरिस्टविथलाच देईन. १९०७ साली सनद निघाली, ग्रंथालय अबरिस्टविथला गेलं आणि म्युझियम कार्डिफला, दोघांचं तोंड गोड. इमारतीसाठी दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणीतल्या मजुरांनी आपल्या पगारातून वर्गणी दिली. हे वाचून मी थांबलो. आपल्याकडे वणी, बल्लारपूर, घुग्घुसला खाणीच खाणी, मजूर वर्गणी देतात ती गणपतीची, देवीची, आणि द्यावीच, पण कागद ठेवायच्या घरासाठी खाणीत राबणाऱ्या माणसाने खिशात हात घालावा हे मला नवीन होतं.

विल्यम्स साहेबांच्या पोथ्यांमध्ये एक काळी पोथी आहे, कारमार्थेन गावच्या नावाची, साधारण १२५० च्या आसपासची, संपूर्ण वेल्शमध्ये लिहिलेली सगळ्यात जुनी पोथी हीच धरतात. आता १२५० म्हटल्यावर माझ्या डोक्यात लगेच आपलं रिद्धपूर आलं. मोर्शी तालुक्यात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते साधारण १२७८ चं, तीसेक वर्षांचा फरक. म्हणजे तिकडे वेल्समध्ये कोणी साधू लेखणीने वेल्श कविता उतरवून घेत होता त्याच पिढीत इकडे वऱ्हाडात आपली मराठी गद्यात बसत होती. आणि महानुभाव परंपरा सांगते की मूळ पोथी धाडीत गेली, मग शिष्यांनी एकमेकांच्या आठवणी जुळवून पुन्हा लिहून काढली, पुढे सांकेतिक लिपीत घालून मठामठांतून कापडाच्या बस्त्यात शेकडो वर्षं जपली. तेव्हा कागद जपणं आपल्याला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ढोल वाजले, रिद्धपूरला मराठी विद्यापीठही झालं, आनंद आहे. पण अभिजात भाषेतला माझ्या शेजाऱ्याचा कागद चौदा रुपये किलोने चालला होता तो त्याच्यानंतरच.

वेल्सच्या संग्रहात मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे मृत्युपत्रं. १८५८ च्या आधी तिथे मृत्युपत्राचं काम चर्चच्या कोर्टाकडे असायचं, ती सगळी या ग्रंथालयात आली, १ लाख ९० हजारांच्या वर, आणि इंटरनेटवर फुकट बघता येतात. मी घरी बसून बघितली, अक्षर काही लागत नाही पण भाच्याने समजावून दिलं. मृत्युपत्रासोबत बऱ्याचदा मेलेल्या माणसाच्या सामानाची यादी असते, शेजारचे दोन-चार जण घरात फिरून लिहायचे, गाई इतक्या, मेंढ्या इतक्या, बिछाना, लोखंडी भांडं, गवताची गंजी, आणि प्रत्येकापुढे किंमत.

तर ती यादी बघताना मला आमच्याच पोत्यातला एक कागद आठवला. उठलो, शोधला. धरणाच्या वेळची संयुक्त मोजणीची यादी होती, मोबदला ठरवायला घर-झाडं मोजतात ती. शेजाऱ्याच्या जुन्या घराची. भिंती मातीच्या, छप्पर कवेलूचं, न्हाणी एक, गोठा एक, विहीर बांधीव, आंबा एक, कडुनिंब दोन, बोर एक, सीताफळ चार, आणि प्रत्येकापुढे रुपये. तो आंबा मी खाल्लेला आहे संपादक साहेब. लहानपणी दगड मारून पाडलेला आहे. त्या झाडाचा आता जगात एकच पुरावा आहे, त्या यादीतली ती एक ओळ, आणि ती भंगारच्या पोत्यात होती.

आमचं जुनं गाव धरणात गेलं, तीस वर्षं होत आली. पुनर्वसनाच्या गावात आम्ही राहतो, गल्ल्या सरळ आहेत, नंबर आहेत, झाडं आता कुठे सावली द्यायला लागली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मारोतीच्या देवळाचा कळस दिसतो आणि जुनी माणसं बघायला जातात. वेल्समध्ये पण असंच एक गाव बुडालं, कापेल केलिन, त्रवेरिन नावाच्या खोऱ्यात. इंग्लंडच्या लिव्हरपूल शहराला पाणी पाहिजे होतं म्हणून १९५७ ला लंडनच्या पार्लमेंटने कायदा केला, वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही तरी झाला. त्याच्या आधी १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये गावचे लोक, बायापोरं घेऊन, लिव्हरपूलच्या रस्त्यावर मोर्चा काढून गेले होते. काही उपयोग नाही झाला. शाळा, चर्च, पोस्ट, घरं, वावरं, सगळं पाण्यात, १९६५ ला धरणाचं उद्घाटन. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली ती २००५ साली, चाळीस वर्षांनी. आमची कोणी मागितलेली नाही पण तो विषय वेगळा.

फरक कुठे आहे तर जेफ चार्ल्स नावाचा एक पेपरचा फोटोग्राफर होता, तुमच्याच धंद्यातला माणूस, त्याने त्या गावचे फोटो काढून ठेवले. शाळेतली पोरं, चर्चमधली माणसं, घरं, मोर्चा. त्याच्या आयुष्यभराच्या १ लाख २० हजार निगेटिव्ह आज त्या ग्रंथालयात आहेत, फक्त या गावाच्या नाही, सगळ्या वेल्सच्या, बाजारहाट, मेंढरं, लग्नं, जत्रा. म्हणजे कापेल केलिनमधल्या पोराच्या नातवाला आजोबाची शाळा बघायची असेल तर तो बघू शकतो. भाचा म्हणाला अबरिस्टविथहून दक्षिणेला बसने जाताना रस्त्याच्या कडेला एका पडक्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, त्रवेरिन लक्षात ठेवा, साठच्या दशकात कोणीतरी रंगवलं, २०१९ ला त्या भिंतीचा काही भाग कोणीतरी पाडला तर लोकांनी लगेच दगड रचून परत उभा केला. मी शाळेत सदतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा जुन्या गावच्या शाळेत. त्या शाळेचा माझ्याकडे एक फोटो आहे. एक. पंधरा ऑगस्टचा, त्यात निम्मी पोरं हललेली. दाखल-खारीज रजिस्टर नवीन शाळेत आलं, पण हजेरीपट, लॉगबुक, गावच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, जुनी पानं, ग्रामपंचायतीचे ठराव, त्यातलं किती ट्रॅक्टरमध्ये चढलं आणि किती तिथेच राहिलं हे कोणी मोजलंच नाही. सामान हलवायची घाई होती, लोकांनी कवेलू मोजून आणले.

आता वावरांची नावं. हे जरा मजेशीर आहे म्हणून सांगतो. इंग्रजांनी १८३६ ला चर्चच्या दशमांश कराचा कायदा केला, त्यासाठी गावोगावचे नकाशे झाले आणि प्रत्येक तुकड्याला नंबर, मालक, कसणारा, आणि वावराचं नाव, असं रजिस्टर बनलं. वेल्सचे असे हजाराच्या वर नकाशे त्या ग्रंथालयात आहेत आणि साध्या लोकांनी, म्हणजे रिटायर्ड माणसं, गृहिणी, विद्यार्थी यांनी घरी बसून कॉम्प्युटरवर त्यातली नावं टाईप करून दिली, फुकट. आता घरी बसल्या आपल्या आजोबाचं वावर नकाशावर सापडतं. आणि वेल्श भाषेत वावराला म्हणतात 'काय'. खोटं नाही सांगत. 'काय माउर' म्हणजे मोठं वावर. मी भाच्याला विचारलं, अरे विहिरीच्या वावराला काय म्हणतात? तो म्हणे, हो मामा, 'काय'च म्हणतात. पाच मिनिटं आमचा हाच गोंधळ चालला होता.

पण हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्या बुडालेल्या शिवारातली नावं, चिचेचं, बरडी, गोटाळी, नाल्यावरचं, म्हातारीचं, ती कुठेच लिहिलेली नाहीत. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. म्हातारीचं वावर का म्हणत, कोणती म्हातारी, हे सांगणारे आता गावात तीन जण उरलेत आणि त्यातल्या एकाला ऐकू येत नाही.

माझ्या वडिलांची वही मात्र आहे, ती मी आधीपासून जपली. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी उघडणारी. त्यात मृग कधी लागला, पेरणी कधी, डवरे किती झाले, कापूस किती गाड्या, एकाधिकार योजनेत कोणत्या केंद्रावर नेला, ग्रेड काय लागला, चुकारा कधी मिळाला. ही एकाधिकार योजना १९७२ पासूनची, आजच्या पोरांना चुकारा शब्दच माहीत नाही. आणि मागच्या पानांवर सालदारांचा, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्यांचा हिशेब, गुढीपाडव्याला साल ठरायचं, रोख इतके, ज्वारी इतक्या पायल्या, धोतरजोडी एक, घोंगडं एक, वहाणा. त्याखाली उचल. पोरीच्या लग्नाला उचल, दवाखान्याला उचल, पोळ्याला उचल. मी ती पानं बऱ्याच वर्षांनी नीट वाचली तेव्हा मला जरा लाज वाटली, लपवत नाही. आमच्याकडे बावीस वर्षं राबलेल्या माणसाचं नाव वडिलांच्या वहीत फक्त तेव्हा येतं जेव्हा तो पैसे मागतो. त्याने स्वतः लिहिलेलं काहीच नाही कारण त्याला कोणी लिहायला शिकवलंच नाही. वेल्समध्ये पण मोठ्या जमीनदारांची दप्तरं आहेत, भाड्याची रजिस्टरं, त्यात कुळांची नावं अशीच बाकीच्या रकमेपुढे. चोरीच्या खटल्यांचे कागद आहेत, १७३० ते १८३० ची नावानिशी यादी इंटरनेटवर आहे, मेंढी चोरली, कापड चोरलं, गरीब माणूस कागदावर आला तो असा. आपल्याला लुटून गेलेल्या रॉबर्ट क्लाइव्हचे पण कागद तिथे आहेत. आणि मेघालयात १८४१ ला सोहराला, म्हणजे चेरापुंजीला, गेलेल्या वेल्श पाद्रीच्या, थॉमस जोन्सच्या मिशनचं दप्तर पण तिथेच, ज्याने खासी भाषा रोमन अक्षरात लिहायला सुरुवात केली, म्हणजे आपल्या देशातल्या खासी माणसाला स्वतःच्या भाषेचा इतिहास शोधायला अबरिस्टविथला जावं लागतं. पण जावं तर तिथे ते आहे, हेही खरं.

तर सालदाराच्या पानांचं काय करायचं हा प्रश्न माझ्यापुढे आहे. त्यांची नातवंडं आज चांगल्या नोकरीला आहेत, आजोबाच्या उचलीचा कागद उघडा पडावा असं त्यांना वाटेल का? भाच्याने सांगितलं की अशा ठिकाणी कागद देणारा अट घालू शकतो, इतकी वर्षं उघडू नका म्हणून, आणि काही लोक कागद दान न करता ठेव म्हणून ठेवतात, मालकी घरचीच, सांभाळायचं काम त्यांचं. हे मला पटलं. आपल्या इथे सरकारला कागद दिला म्हणजे गेला अशी लोकांना भीती असते आणि ती काही उगाच नाही.

उगाच नाही हे सांगायला माझा स्वतःचा अनुभव. पुतणीच्या जात पडताळणीला जुना पुरावा पाहिजे होता. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या, अनुसूचित जातीला १९५० च्या, तेव्हा खेड्यातला माणूस पहिल्यांदा जुन्या कागदाच्या मागे पळतो, तोपर्यंत नाही. आम्ही एका ऑफिसात अर्ज दिला, नाव घेत नाही, सगळीकडे थोडंफार हेच आहे. चार चकरा झाल्या. पाचव्या चकरेला तिथल्या शिपायाने मला आत नेलं, चांगला माणूस होता, म्हणाला मास्तर तुम्हीच पाहा. फळीवरचा बस्ता खाली घेतला, सुतळी सोडली, वरचं पान छान होतं, शाई काळीभोर. ते उचललं तर खाली पान नव्हतंच. उधळीने, म्हणजे वाळवीने, मधलं सगळं खाऊन चौकटीसारख्या कडा तेवढ्या ठेवल्या होत्या आणि आत ओलसर मातीची नळी नळी. शिपाई म्हणे, याच्याखालचे बी असेच असतीन. पुतणीचं काम शेवटी झालं, कशावरून झालं माहीत आहे? माझ्या आईने देवघराच्या कोनाड्यात हळदीकुंकवाच्या डब्याखाली ठेवलेल्या आजोबाच्या शाळेच्या दाखल्यावरून.

२०२३ ला कुणबी नोंदी शोधायला सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा अचानक सगळ्यांना मोडी वाचणारे पाहिजे झाले. ते आणायचे कुठून? एका तालुक्याला एक असला तरी नशीब.

वेल्समध्ये सगळं आलबेल आहे असंही नाही हं. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्या ग्रंथालयाच्या छपरालाच आग लागली होती, पाण्याने काही कागद भिजले. २०२१ ला पैसे इतके कमी पडले की नोकऱ्या कपातीची वेळ आली, मग लोकांनी हजारोंनी सह्या केल्या आणि सरकारला पैसे सोडावे लागले. मला त्या आगीपेक्षा त्या सह्या जास्त आश्चर्याच्या वाटतात. आमच्या गावात रेकॉर्ड रूमसाठी सह्या मागत फिरलो तर लोक विचारतील मास्तरांना बरं वाटत नाही का.

आता तुम्ही म्हणाल मास्तर तुम्हाला पाहिजे काय. मला अबरिस्टविथसारखा महाल नको. आपल्या नागपूरला पुराभिलेख खात्याचं ऑफिस आहेच, पण तिथे सरकारी दप्तरं, आणि आमच्या गावचा म्हातारा पेटी घेऊन नागपूरला जाणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी, सार्वजनिक वाचनालयात म्हणा, कॉलेजात म्हणा, एक कोरडी खोली. लोखंडी रॅक, भिंतीपासून वीतभर लांब. कोणी घरचे कागद आणले तर त्याची पानागणिक यादी करून, सही-शिक्क्याची पोचपावती द्यायची, हवं तर ठेव म्हणून घ्यायचे, स्कॅन करून मूळ कागद परत न्यायचा असेल तर न्यावा. आणि बघायला येणाऱ्याला चकरा मारायला लावायच्या नाहीत. स्कॅनबद्दल एक सांगतो, आजकाल प्रत्येकजण म्हणतो मोबाईलवर फोटो काढा झालं काम. माझ्याच मोबाईलमध्ये तीन वर्षांपूर्वीचे वडिलांच्या वहीचे फोटो होते, मोबाईल विहिरीत पडला, वही आहे.

आणि जिथे धरण होणार आहे, गाव उठणार आहे, तिथे मोबदल्याच्या यादीबरोबर गावच्या कागदांची पण एक यादी झाली पाहिजे, शाळा, पंचायत, देऊळ, कोतवाल बुक, सोसायटी, आणि गाव उठायच्या आधी एका माणसाने कॅमेरा घेऊन गल्लोगल्ली फिरलं पाहिजे. यावर तुमच्या पेपरने जोर लावावा ही विनंती. जेफ चार्ल्स पेपरवालाच होता. तुमच्या ऑफिसातही जुन्या निगेटिव्हचे डबे कुठेतरी माळ्यावर असतील, तेवढे आधी खाली काढा, आमच्या गावच्या मोर्चाचा फोटो तुमच्याच पेपरात आला होता, मी पहिल्या रांगेत होतो, डोक्यावर केस होते तेव्हा.

पोतं सध्या आमच्या माजघरात आहे. कागद सावलीत पसरून वाळवले, वर्षावार गठ्ठे केले, जुन्या सुती धोतरात बांधले, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि डांबरगोळ्या टाकून पेटी पलंगाखाली सरकवली. पेटी शेजाऱ्यानेच परत दिली, त्या पोराने स्वतः आणून दिली, म्हणाला मास्तर रिकामी ठेवून काय करू. मग बसला जरा वेळ. मी त्याला ती झाडांची यादी दाखवली. त्याने बोट ठेवून वाचली, सीताफळ चार, आणि म्हणाला, "बाबा सांगत होते चार नाई, पाच होते, एक मोजलंच नाई त्यायनं." मी लगेच वहीत लिहून ठेवलं, तारीख टाकून, सांगणाऱ्याच्या नावासकट.

तो मोडीचा लांब कागद मात्र अजून तसाच आहे. वर एक गोल शिक्का आहे, अर्धा पुसलेला, आणि खाली तीन अंगठे आणि एक नांगराची निशाणी. मला फक्त 'मौजे' आणि 'बितपशील' एवढं लागतं, पुढे काही लागत नाही. तुमच्या वाचकांपैकी कोणाला मोडी येत असेल तर कृपा करून कळवावं, माझा नंबर तुमच्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. गाडी दिवसातून दोनच येतात आमच्याकडे, सकाळची नऊला आणि दुपारची, फाट्यावर उतरलं की मी मोटारसायकल घेऊन घ्यायला येतो. जेवायची सोय घरीच. फक्त पेन आणू नका, पेन्सिल मी देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
पुनर्वसित गाव, जि. यवतमाळ